माझी कावीळ आणि वाडीचे तीन डोस

लालबागमध्ये आमचा डंख आहे, म्हणजे मसाला कुटायचं यंत्र आणि त्याच्यापुढे एक छोटं दुकान. मिरची कुटेपर्यंत बायका स्टुलावर बसतात आणि गेल्या वर्षीच्या माझ्या काविळीबद्दल विचारतात. कोणाच्या नवऱ्याला झालेली असते, कोणाच्या बहिणीला. डंखाचा आवाज एवढा की मला प्रत्येकीला ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगण्यासारख्या त्या गोष्टी नाहीत. म्हणून एकदाच लिहून ठेवते. घरच्यांना विचारून लिहिते आहे. नावं बदलली आहेत. मसाल्याचं प्रमाण कोणी विचारू नये, ते आजारपणातसुद्धा मी कोणाला सांगितलं नाही.

पिवळं

मे महिना आमच्या धंद्याचा. पावसाच्या आत वर्षाचा मसाला करून ठेवायचा म्हणून बायका पिशव्या घेऊन सकाळी आठपासून दारात उभ्या असतात. हळकुंडं कुटली की त्याची पूड भिंतीवर, पंख्यावर, कॅलेंडरवर आणि माझ्यावर बसते. ह्यांचे बनियन सव्वीस वर्षांत पांढरे राहिलेले नाहीत. त्यामुळे मी पिवळी पडले हे कोणाच्या लक्षातच आलं नाही.

मला जेवण नकोसं झालं होतं. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. सांधे दुखायचे, लघवी काळ्या चहासारखी व्हायची. मी म्हटलं, उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय. एक दिवस हे म्हणाले, "सुलू, दोन दिवस डंख बंद ठेवूया का?" मे महिन्यात ह्यांनी हे विचारलं म्हणजे मी खरंच वाईट दिसत असणार.

शेवटी चिंचपोकळीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, दर वर्षी येतात, त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं.

"सुलभाताई, तुमचे डोळे पिवळे झालेत."

"हळद आहे हो बाई. सगळीकडे जाते."

"डोळ्यांना हळद लागत नाही," त्या म्हणाल्या, शाळेत चुकलेलं उत्तर खोडावं तशा.

मी आत जाऊन आरशात बघितलं. बाईंचं बरोबर होतं.

शिवडीचे बुवा

कावीळ म्हटल्यावर आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला डॉक्टरकी येऊ लागली. उसाचा रस, मुळ्याचा पाला, गळ्यात घालायची माळ. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी शिवडीतल्या एका बुवांचं नाव सांगितलं. गोदामांच्या मागे बसतात, कावीळ हातातून उतरवतात. आता लिहायला लाज वाटते, पण मी ह्यांना घेऊन हसत हसत गेले. हॉस्पिटलचं नाव काढलं की मला जास्त भीती वाटत होती.

बुवांनी माझे दोन्ही हात परातीत धरायला लावले, वरून चुन्याचं पाणी ओतलं आणि पुटपुटत चोळायला सुरुवात केली. एरवी पाणी पिवळं होतं आणि ते म्हणतात, बघा, कावीळ उतरली. असं त्यांचं रोजचं चाललेलं. माझ्या हातांखालचं पाणी लाल झालं. लालभडक, कुंकवासारखं.

बुवांनी हात मागे घेतले. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई," बुवा म्हणाले, "ही कावीळ नाही. हे माझ्या हातातलं नाही. तुम्ही आधी हॉस्पिटल गाठा."

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे मला जन्मापासून माहीत आहे. माझ्या नखांत सव्वीस वर्षांची हळद होती, बुवांनी कितीही चोळलं असतं तरी लालच आलं असतं. पण ते समजावून सांगायला अंगात त्राण नव्हतं. शिवाय मी सांगितलं असतं तर त्यांनी माझे हात साबणाने धुऊन पुन्हा सुरुवात केली असती. त्या महिन्यात मला मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत बुवांचा सल्ला सगळ्यात चांगला निघाला. आम्ही तिथूनच टॅक्सी करून परळला हॉस्पिटलात गेलो.

बी म्हणजे दुसरी का

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या पुतणीच्या, स्वातीच्या, वयाच्या. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"हिपॅटायटिस बी आहे," त्या म्हणाल्या.

ह्यांनी विचारलं, "बी म्हणजे दुसरी पायरी का?"

"नाही काका, ते विषाणूचं नाव आहे."

"म्हणजे ए होऊन गेली असणार, आम्हाला कळली नाही."

डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे शांतपणे बघितलं आणि मग सगळे प्रश्न मलाच विचारले. गेल्या सहा महिन्यांत रक्त चढवलं होतं का? ऑपरेशन? दात काढला? कुठे इंजेक्शन घेतलं? टॅटू, गोंदवून घेणं वगैरे?

मी पदर डाव्या हातावर ओढून घेतला. हे त्या हाताकडेच बघत होते.

झालं होतं असं की फेब्रुवारीत आम्ही जत्रेला गावी गेलो होतो. आमचं गाव कणकवलीच्या पुढे. तिथे धाकटे दीर अनंत आणि त्यांची बायको मंदा असतात. जत्रेत एकजण यंत्रावर गोंदवून देत होता. मंदा म्हणाली, वयनी, चला, नवऱ्याचा नाव घालूया. बावन्नाव्या वर्षी मला काय सुचलं कोण जाणे. आधी मंदा बसली, तिने न हलता 'अनंत' पूर्ण लिहून घेतलं. मग त्याच सुईने माझं. ह्यांचं नाव रघुनाथ. 'रघु' झालं आणि मी उठले, पुढचं सहन होईना. हे तेव्हापासून सगळ्यांना तो हात दाखवत होते.

"एकच सुई?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकच."

त्यांनी समजावून सांगितलं. हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही, शेजारी बसल्याने होत नाही, मसाल्यातून तर नाहीच. रक्तातून होतो, आणि नवरा-बायकोच्या संबंधातून. हे छताच्या पंख्याकडे बघू लागले. "म्हणून घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायचं," त्या म्हणाल्या, "आणि ज्यांना आजार नाही त्यांना लस द्यायची. तीन डोस. आत्ता, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आणि तुमच्याबरोबर गोंदवलं त्या कोण, त्यांनाही तपासायला सांगा."

"आणि हिचं?" ह्यांनी विचारलं.

"मोठ्या माणसांचं बहुतेक वेळा आपोआप बरं होतं."

खाली उतरताना हे म्हणाले, "माझं नाव लिहायला गेलीस आणि हे झालं." मग थोड्या वेळाने, "पूर्ण नाव असतं तर काय झालं असतं." त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

बहुतेक

उलट्या थांबेनात म्हणून मला दाखल करून घेतलं. अकरा दिवस. पहाटे साडेपाचला रक्त घ्यायला यायचे, सहाला चहा, सातला झाडू, नऊला डॉक्टरांची फेरी. फेरी आली की सगळा वॉर्ड पदर सारखा करून बसायचा. माझ्या रिपोर्टमध्ये लिव्हरचा एक आकडा असायचा. तो रोज किती आहे ते डॉक्टरीणबाई शिकाऊ मुलांना सांगायच्या आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून तो वर गेला की खाली ते ओळखायची. पहिले चार दिवस वर जात होता.

'बहुतेक' हा शब्द मी आयुष्यात हजारदा वापरला असेल. मसाला बहुतेक संध्याकाळी मिळेल, धणे बहुतेक उद्या येतील. तिथे पडल्या पडल्या मला कळलं की त्या शब्दाच्या बाहेर किती माणसं राहतात. दुपारी दोन ते चार वॉर्डात सामसूम असायची, तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायची. रडायची नाही. फक्त माझ्यामागे मसाल्याचं प्रमाण कोणाला ठाऊक नाही याची मोठी काळजी वाटायची. मरणाची भीती अशी दुसऱ्याच नावाने येते, हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी ह्यांना जवळ बोलावलं आणि म्हटलं, "प्रमाण लिहून घ्या."

हे म्हणाले, "घेणार नाही." आणि उठून बाहेर गेले. अर्ध्या तासाने नारळपाणी घेऊन आले. ते मला पचलं. पचलेलं ते पहिलं.

दुकानात वेगळीच गंमत चालली होती. लालबागच्या मसाल्यातून कावीळ होते अशी बातमी आमच्या गल्लीत फिरली. बायका येईनाशा झाल्या. ह्यांनी दुकानाबाहेर पाटी लावली: 'मालकीणबाईंचा आजार रक्ताचा आहे, मसाल्याचा नाही.' ती वाचून उरलेल्याही येईनाशा झाल्या. चिंचपोकळीच्या बाईंनी येऊन ती पाटी स्वतःच्या हाताने काढली, स्टुलावर बसल्या आणि दोन तास येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून वर्ग घेतला. मग आपला मसाला कुटून घेऊन गेल्या. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

सहाव्या दिवशी आकडा थोडा खाली आला. डॉक्टरीणबाईंनी शिकाऊ मुलांना सांगायच्या आधी मला सांगितलं.

ह्यांची लस

ह्यांचं रक्त चांगलं निघालं, म्हणजे आता लस. मिरचीच्या धुराळ्यात उभं राहून न शिंकणारा हा माणूस इंजेक्शनला घाबरतो हे मला लग्नाला तीस वर्षं झाल्यावर कळलं. पहिल्या डोसला नर्सने औषध सुईत भरायच्या आधीच हे खुर्चीतून घसरले. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "झालं ना?"

"अजून काका, दिलंच नाही."

दुसऱ्या डोसला मी बरोबर गेले, अशक्त असून. ह्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला की 'रघु' दिवसभर लाल राहिलं.

फोनवरून

गावच्या मंडळींचं काय ते मी हॉस्पिटलातूनच फोनवर सांगितलं होतं. मला वाटलं, मोठी जाऊ म्हणून माझा शब्द पुरेल.

"वयनी, माका काय एक झाला नाय," मंदा म्हणाली. "काल दिवसभर लाकडा फोडून इलंय."

"न होताही असतं म्हणे. रक्त तपासून ये."

"आणि ती लस पोरांका देतत. मी आता पोर रवलंय काय?"

अनंतभावजींचं म्हणणं निराळं होतं. "तालुक्याक जावचा म्हणजे दोन एस्टी. सकाळी गेलेलो माणूस सांजेक येता. ता पण नुसता टोचून घेवक. आणि ताही तीनदा."

मी वाडीतल्या आशा सेविकेला फोन केला. निर्मला नाव तिचं, गावच्या आरोग्याचं सगळं तीच बघते. ती म्हणाली, काकी, इथल्या उपकेंद्रात बाळांची लस असते, मोठ्यांना तालुक्यालाच जावं लागतं. आणि लोकांचं म्हणाल तर, जो ही लस घेतो त्यालाच तो रोग असणार असं सगळे धरून चालतात. म्हणून कोणी पहिला जायला तयार नाही. तिच्या सासऱ्यांना तिने सांगून बघितलं, तर ते म्हणाले, सत्तर वर्षं लशीशिवाय जगलो, आता घेतली तर लोक म्हणतील म्हाताऱ्याने काय केलं.

महिनाभर मी गल्ल्यावर बसून फोन केले. कोणाची म्हैस व्यायली होती, कोणाला इंजेक्शनने ताप येतो, कोणाची एस्टी चुकली. मंदाने तर माझा फोन उचलणंच बंद केलं. आमच्यात पंचवीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं.

स्वयंपाकघरात

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला परवानगी दिली आणि मी गावी गेले. मंदाने चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली, आणि बोलायला वेळ नको म्हणून चुलीकडे तोंड करून बसली. मी वाट बघत राहिले. दुकानात मी तेच करते. मसाला कुटेपर्यंत बायका आपणहून बोलतात.

"मी तपासून इलंय," ती म्हणाली. "दोन महिने झाले. एकटी जावन."

"मग?"

"असा. माका असा."

ती वळली नाही. "सुई आधी माका लागली, वयनी. मगे तुमका. माझा रगत तुमका लागला."

एवढं धरून बसली होती ती. मी महिनाभर फोन करत होते आणि ती इथे रोज भात लावत होती, नवऱ्यालाही न सांगता. शिवाय तिच्या मुलीचं, स्वातीचं, लग्न ठरलेलं. सासरच्यांना कळलं तर, वाडीत कळलं तर, मुलीकडे कोण बघणार, हेच तिच्या डोक्यात. आम्हाला मूल नाही. स्वाती प्रत्येक सुट्टीत लालबागला येऊन आमच्या मिरच्यांत शिंकत मोठी झाली. मला त्या भीतीचा अर्थ विचारावा लागला नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं: कोणाकडून कोणाला, हे आता कोणी सांगू शकत नाही. सुई आमच्या आधी अर्ध्या जत्रेच्या हातांवर फिरली होती. मग म्हटलं, "आणि दोष द्यायचा तर दोन अक्षरांपुरताच देता येईल. पूर्ण नाव असतं तर भांडले असते."

मंदा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. दारात अनंतभावजी उभे होते. किती वेळ, ते आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वातीला घेऊन चौघं दोन एस्टी करून तालुक्याला गेलो. मंदाच्या लिव्हरला काही झालेलं नव्हतं. सध्या औषध नको, सहा महिन्यांनी तपासत राहायचं, एवढंच. भावजींचं आणि स्वातीचं रक्त चांगलं निघालं. स्वातीने होणाऱ्या नवऱ्याला स्वतःच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मग मीही घेतो, कुठे मिळते?

लिव्हरची लस

राहिली वाडी. मला वाटलं होतं, भावजी आता गुपचूप आपली लस घेऊन येतील आणि विषय संपेल. परतीच्या एस्टीत ते खिडकीशी बसले होते.

"एकट्यान घेतली तर लोक इचारतले," ते म्हणाले. "सगळ्यांनी घेतली तर कोण कोणाक इचारतलो?"

ज्याला तालुक्याला जायचं म्हणजे दिवस मोडतो म्हणून नको होतं, त्या माणसाने पुढचे पंधरा दिवस घरोघर फिरण्यात घालवले. तालुक्याच्या डॉक्टरांनी निर्मलाला सांगितलं होतं की चाळीस मोठ्या माणसांची नावं जमवा, आम्हीच शाळेत येतो. भावजींनी वाडीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं की ही लिव्हरची लस आहे. त्यापुढे त्यांनी काही सांगितलं नाही. बाकीचा अर्थ वाडीतल्या पुरुषांनी आपापला लावला. दोन दिवसांत सव्वीस पुरुषांची नावं आली, त्यातली काही अशी की ज्यांच्या बायकांनी आश्चर्याने तोंडाला पदर लावला. निर्मलाला पुन्हा घरोघर जाऊन सांगावं लागलं की ही लस दारूवर चालत नाही. पण तोवर नावं यादीत गेली होती, आणि काढून घ्यायला कोणी पुढे येईना. बायका म्हणाल्या, पुरुष घेतात तर आम्ही का नाही. एकूण सत्तेचाळीस.

पहिला डोस झाला, दुसरा झाला. तिसरा मार्चमध्ये. तेव्हा निर्मलाचा फोन आला की काकी, अकरा जण म्हणतात दोन पुरे झाल्या.

वाडीचा वर्षाचा मसाला माझ्याकडून बसने जातो. मी निरोप दिला: तिसरा डोस झाला की मसाला.

एकाने मला फोन केला. "काकी, ही दादागिरी झाली."

"हो," मी म्हटलं.

शाळेत

तिसऱ्या डोसला मी गेले. तोवर माझे स्वतःचे रिपोर्ट स्वच्छ आले होते. विषाणू गेला, आणि आता तो आजार परत होणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी पडवीत खुर्ची टाकून बसले.

रांगेत मंदा उभी होती. तिन्ही वेळा उभी राहिली. ज्याला आजार आहे त्याला लशीचा उपयोग नसतो. पण ती रांगेत नसती तर संध्याकाळपर्यंत वाडीला सगळं कळलं असतं. निर्मलाने पहिल्याच वेळी नर्सबाईंच्या कानात सांगून ठेवलं होतं. मंदा खोलीत जायची, नर्सबाई तिच्या दंडाला नुसता स्पिरिटचा बोळा लावायच्या, आणि मंदा तो दाबून धरत बाहेर यायची.

त्या दिवशीही आली आणि माझ्या शेजारी बसली. पलीकडच्या घरातल्या म्हातारीने विचारलं, "लय दुखला?"

"हेवेळा लय खोल टोचल्यान," मंदा म्हणाली. "माझो दंड नुसतो ठणकता."

भावजी बाही सारखी करत बाहेर आले. सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "घराक गेल्यार शेकूया."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले. पण घरी गेल्यावर त्यांनी खरंच पाणी तापवलं, पडवीत बसले, जिथून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल तिथे, आणि टॉवेल बुडवून, पिळून, मंदाचा दंड शेकायला लागले. येणारे-जाणारे थांबून आपापला दंड चोळत चौकशी करत होते. मंदा प्रत्येकाला सांगत होती, कमी आहे आता.

मी समोर बसून बघत होते. सुई टोचलेला दंड त्यांचा होता, आणि शेकत होते ते तिचा.